हात काढायचे राहिले

आई, भिंतीवर लावायला तुझा एखादा बरा फोटो हवा होता म्हणून कपाटातला पत्र्याचा डबा उपसला. मनीषानं तुझा चेहरा बघून फोटो निवडला. मी मात्र तुझे हात शोधत बसलो. एकाही फोटोत नाहीत. मनीषाच्या नि माझ्या लग्नात तू ते पदराखाली घेतलेत. रेवाच्या बारशाला पाळण्याच्या कडेआड. नंदनवनच्या या फ्लॅटची पूजा झाली त्या दिवशी सगळ्यांनी हात जोडलेत, तू तेवढी काखेत घालून उभी आहेस, थंडी वाजल्यासारखी. आणि महिना मे होता.

मला त्या हातांची आज गरज आहे. माझ्या खोलीत ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, तुला ठाऊक आहे कोणतं. ते पुरं करायचं म्हणतोय. तुझ्यासाठी करण्यासारखं एवढं एकच काम उरलंय आणि ते मला जमत नाही. तेच सांगायला बसलो आहे. आपण दोघं बोलणारी माणसं नव्हतोच. तू समोर असतीस तर मी यातलं एक वाक्य बोललो नसतो, पेपर वर धरला असता.

तर ते चित्र. बाजूनं दिसणारी बसलेली बाई, लाल लुगडं, तिच्यामागे हातभर अंतरावर एक मूल. बाईचे दंड आहेत, कोपर आहेत, आणि कोपरांच्या पुढे काही नाही, कोरा कॅनव्हास. शाळेत ड्रॉइंग शिकवून उरलेल्या रविवारांमध्ये मी अशी सात चित्रं केली. सगळ्यांत तू, सगळ्यांत बिनहाताची. प्रदर्शन लागलं तेव्हा लोक त्या पहिल्या चित्रासमोर थांबायचे. इतकी वर्षं मी डोंगर, तळी, बैलगाड्या काढल्या, कोणी थांबलं नव्हतं. एका पेपरातली मुलगी आली. तिनं विचारलं, हात का नाहीत? मी म्हणालो, माझ्या आईनं मला कधी जवळ घेतलं नाही, हात लावला नाही. तिनं लिहून घेतलं. तोच मथळा झाला.

मी मिरचीचं नाव काढलं नाही.

ते मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्या वस्तीत कोणाला माहीत नव्हतं? तू नि बाबा छत्तीसगडातून कळमन्याला आलात, बाबा मार्केटात पोती उचलायला लागले आणि तू सातऱ्यावर. सातरा म्हणजे काय, हे मी त्या मुलीला सांगू शकलो असतो. मिरचीचे ढीग पसरलेलं उघडं आवार, तोंडाला फडकी बांधून रांगेनं बसलेल्या बाया, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एकच काम, मिरचीचा देठ खुडायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला ठसका लागायचा. तिथून आलेल्या बाईच्या बोटांत तिखट इतकं मुरलेलं असतं की पाण्यानं जात नाही. अशा हातांनी कोणी लेकराच्या गालाला हात लावत नाही. इतकी साधी गोष्ट. पण ती सांगितली असती तर चित्राचं कोडं सुटलं असतं, आणि सुटलेल्या कोड्यापाशी कोण थांबतं, असं मला वाटलं. मी ते ठरवून केलं. हे आज पहिल्यांदा कबूल करतो आहे.

तू प्रदर्शन बघायला आलीस, रेवाचा दंड धरून, नवी चप्पल घालून. मी तिथल्या दोनतीन लोकांशी बोलत होतो आणि तुला बघून माझं बोलणं अडखळलं. तू त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिलीस. मग मला हळूच म्हणालीस, ‘‘हात राहिले का गा काढाचे?’’

मी म्हणालो, मुद्दाम ठेवलेत.

‘‘बरं,’’ तू म्हणालीस. थोड्या वेळानं, ‘‘आन लेकरू काहून येवढं दूर बसवलं?’’

तसंच होतं ना, असं काहीतरी मी पुटपुटलो. तू खाली आपल्या चपलांकडे बघितलंस. मग माझ्यावर दया आल्यासारखी म्हणालीस की लुगड्याचा रंग मात्र बराबर आला.

पेपर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तुला वाचून दाखवला, हे मनीषाकडून कळलं. मी दोन दिवस तयारी करत होतो. चित्रातलं सगळं जसंच्या तसं खरं नसतं, असं तुला समजावून सांगणार होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तूच बोललीस. चहाचा कप माझ्यापुढे ठेवलास, कानाला न धरता बशीसकट, नेहमीसारखा. ‘‘पेपरात बराबर लिवलं. खोटं काय हाये त्याच्यात.’’ आणि मग, चाय थंडी होऊन राहिली. मी चहा प्यायलो. त्या विषयावर आपलं बोलणं झालं ते एवढंच.

तुझ्याकडे शब्द कमी होते. तेही माझ्यामुळेच. मी तिसरीत जाईपर्यंत तुला दाई म्हणायचो, तुझ्या गावाकडे आईला म्हणतात तसं. तू मला लाडानं दुलरू म्हणायचीस. संध्याकाळी तू गल्लीच्या तोंडाशी दिसलीस की मी धावत यायचो, आणि तू दोन्ही हात डोक्यावर उंच धरून ओरडायचीस, ‘‘मोला झन छू!’’ मला शिवू नको. वर्गातल्या पोरांनी ते बघितलं. मग वर्षभर मधल्या सुट्टीत कोणी ना कोणी माझ्यासमोर हात वर करून ‘मोला झन छू’ करत नाचायचं. एक दिवस घरी येऊन मी तुला सांगितलं की माझ्याशी ही भाषा बोलायची नाही. मराठीत बोल, नाहीतर बोलू नको. बाबा मला मारायला उठले, तूच त्यांना बसवलंस. दुसऱ्या दिवसापासून मी आई म्हणायला लागलो आणि तू मोहन.

तुझी मराठी सातऱ्यावरची. तिथल्या बोलण्यात पोतं होतं, ढीग होता, सरक वं होतं, उचल होतं, मुकादमाला द्यायच्या शिव्या होत्या. लाडाचे शब्द तिथं कोण कोणाला शिकवणार. तुझे होते ते मी बंद केले. पुढे तू नागपूरच्या बायांसारखी झक्क बोलायला लागलीस, मले तुले करायला लागलीस, पण दुलरूच्या जागी दुसरा शब्द काही तुला सापडला नाही, आणि तू शोधलाही नसशील. तू हातही वर धरायचीस, पण न बोलता. न बोलता हात वर धरलेली बाई कशी दिसते, तुला सांगू? हाकलून लावल्यासारखी दिसते.

मला ताप आला की कोपराच्या आतल्या बाजूनं माझं कपाळ बघायचीस. आंघोळ बाबा घालायचे. केस बाबा विंचरायचे. पावसाळा लागला की सातरा बंद व्हायचा, तू दुसऱ्यांच्या घरची धुणी धरायचीस, तेव्हा तुझे हात मोकळे असायचे. तेव्हा तू कधी कधी पाटावर माझ्याशेजारी येऊन बसायचीस, आणि मी सरकायचो. हे मला चांगलं आठवतं. का सरकायचो ते आठवत नाही.

आता दवाखान्यातली ती दुपार. उजवी बाजू गेली होती, वाचाही. डावा हात तेवढा चालत होता. मी स्टुलावर बसून शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत होतो. चादरीवरून तुझा हात उठला. सावकाश माझ्याकडे यायला लागला, अर्ध्यात थांबला, वळला आणि तुझ्या स्वतःच्या डोळ्याकडे गेला. बोट डोळ्याच्या कोपऱ्यात टेकवून तू पडून राहिलीस. मला वाटलं, रडते आहेस. नाहीतर डोळा खाजत असेल. मी कापूस घेऊन तुझा डोळा पुसला. तू मान हलवलीस, नाही म्हणून. हात पुन्हा उठला, पुन्हा माझ्या दिशेनं. तेवढ्यात सिस्टर आली, खालून एक इंजेक्शन आणायला सांगितलं. मी उठलो.

खरं सांगतो, ती म्हणाली होती की घाई नाही, आरामात आणा. मी लगेच उठलो कारण तो हात जवळ येत होता आणि त्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. पन्नाशीचा माणूस. खाली दुकानात कोणी नव्हतं, तरी मी तिथं उगाच रेंगाळलो, जिन्यात कोणाशी तरी बोललो. परत आलो तेव्हा हात चादरीवर पालथा होता. तुझे डोळे मिटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेरवीला सुमनबाई आली. तुझ्या शेजारी बसून पंचवीस-तीस वर्षं देठ खुडलेली. येताना भिवापुरी मिरचीची पिशवी घेऊन आली, दरवर्षीसारखी. मनीषा म्हणाली, अहो काकू, आज कशाला. तर म्हणे, रायपुरीन गेली म्हणून तुमी का तिखट खाणं सोडता का? तुझं गाव रायपूरपासून कितीतरी लांब, पण सातऱ्यावर सगळ्या तुला रायपुरीनच म्हणायच्या. जेवणं झाल्यावर ती माझ्या खोलीत टेकायला गेली. चित्र तेव्हा सुलटं होतं. तिनं मनीषाला विचारलं, हे बिनहाताची कोण वं? मनीषानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आईचं आहे. आणि पुढे, कुठून सुचलं कोण जाणे, तिलाही तेच सांगितलं जे पेपरवाल्या मुलीला सांगितलं होतं. तिनं मला कधी हात लावला नाही.

सुमनबाई हसायलाच लागली. मग थांबली. ‘‘तुले मालूमच नाही का गा?’’

मग तिनं सांगितलं. ती बोलली तसंच लिहितो, कारण माझ्या मराठीत ते मावणार नाही.

‘‘पहिलाच आठवडा होता तिचा. गावाकडून आलेली, तिले का मालूम. तू येवढासा, पाळण्यात. घरी आली, साध्या पान्यानं हात धुतले आन तुले काजळ घातलं. बोटानं. तू असा बोंबलला का आमी साऱ्या बाया धावत गेलो. दोन दिवस डोळे उघडले नाही तुझे. लोक म्हने, रायपुरीननं पोरगं आंधळं केलं. मंग तिनं नेमच धरला. घरी आली का आधी नळावर राखेनं हात घासे, मंग जवसाचं तेल, मंग साबन. आन मंग आपल्याच डोळ्यात बोट घालून पाहे. झोंबलं का म्हने, आज नाही. रोज. आमी हासाचो तिले. म्हनलं, वं रायपुरीन, आंधळी होशीन एखाद दिवशी. तं म्हने, माहा डोळा गेला तं चालते.’’

आई, मी तिथं उभा होतो आणि मला बसायलाही सुचलं नाही.

नळापाशी उकिडवी बसलेली तू मला रोज दिसायचीस. राख, तेल, लाल साबण. मग बोट डोळ्याला. मग पदरानं डोळा पुसत, लाल डोळ्यानं घरात यायचीस आणि माझ्या लांबून जायचीस. मी समजायचो की ठसक्यानं पाणी आलंय, किंवा मुकादम काही बोलला असेल, किंवा मी नकोसा आहे म्हणून रडतेस. तिन्ही वेळोवेळी समजलो आहे. पावसाळ्यात पाटावर शेजारी येऊन बसायचीस, तेव्हा तू आधी बघून आलेली असायचीस. झोंबलं नाही म्हणून आलेली असायचीस. आणि मी सरकायचो. मला त्या काजळाची काही आठवण नाही, पण अंगाला असावी.

रेवा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तू सातरा सोडलास. घरात लेकरू आहे म्हणालीस. भाजीत तिखट घालायचं तर चमच्यानं. तरी तिला घ्यायच्या आधी तू डोळे पुसायचीस. मी म्हणायचो मनीषाला, आईच्या डोळ्यांचं काहीतरी बघायला हवं, सारखं पाणी येतं. मग तिच्या गालावरून तुझा हात फिरायचा आणि मी दारात उभा राहून बघायचो. मला हेवा वाटायचा. पोटच्या पोरीचा. त्याच वर्षी मी पहिलं बिनहाताचं चित्र काढलं, हे तुला सांगणं सोड, मला स्वतःलाही मान्य करायला इतकी वर्षं लागली.

आणि दवाखान्यात. वीस वर्षं मिरचीला न शिवलेला हात तू आधी आपल्या डोळ्याला लावून बघितलास. मी कापसानं पुसलं तेव्हा नाही म्हणून मान हलवलीस. झोंबत नाही, असं सांगत होतीस का? मग हात पुन्हा निघाला होता. मला एवढंच करायचं होतं की बसून राहायचं.

सुमनबाई गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी रंग काढले. त्या कोऱ्या जागेत हात काढायचे, बस. मी पोरांना हात काढायला शिकवतो, वर्षानुवर्षं. तळव्याचा चौकोन करा, बोटांची लांबी बघा, अंगठा बाजूनं निघतो. मला तुझा अंगठा कसा निघतो ते माहीत नाही. नखं कशी होती? काळी पडलेली, एवढं आठवतं, पण आकार? स्वतःचा हात आरशात बघून काढला, तो मास्तराचा झाला. मनीषाचा काढला. शेवटी कळमन्याला जाऊन सुमनबाईसमोर बसलो. तिनं दोन्ही हात मांडीवर पसरून दिले, म्हणाली माहेच काढ, सारखेच तं होते. अंगठ्याच्या नखाला मधोमध चीर, बोटांची टोकं चपटी झालेली, सालपटं निघालेली. मी चांगले काढले. घरी येऊन चित्रात उतरवले. चित्रात सुमनबाईचे हात आले. दोन दिवसांनी ते पुसून काढले. आता तिथं कोराही कॅनव्हास नाही, एक मळका डाग आहे.

पुसताना जवसाचं तेल वापरलं. तेलरंगात घालायला ते माझ्या पेटीत कायम असतं, पंचवीस वर्षांपासून. तुझ्या हातांना रोज संध्याकाळी हाच वास यायचा. मी त्याच वासात बसून तुझे हात नसलेली सात चित्रं काढली आणि मला काही आठवलं नाही.

आज दुपारी मिरचीची पिशवी घेऊन बाल्कनीत बसलो. मनात काही मोठं नव्हतं. मनीषा म्हणाली, देठासकट मिरची चक्कीवाला घेत नाही, कोणीतरी खुडायला हवी. पेपर पसरला आणि बसलो. पहिला तासभर काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं, हातांना काम. मग नखांच्या आतून सुरू झालं. धुतलं तर वाढलं. फ्लॅटमध्ये राख कुठून आणणार, तेल चोळलं, साबण लावला, पुन्हा तेल. मग उजव्या हाताचं बोट डोळ्याच्या कोपऱ्यात टेकवलं.

तू हे रोज करायचीस. मला एकदाही पुरतं सहन झालं नाही. डोळा मिटून, दात आवळून मी तिथंच खाली बसलो, आणि रेवा कॉलेजातून आली. तिला वाटलं, आजीसाठी रडतोय. बाबा मोकळे रडले नाहीत याची काळजी ती आजी गेल्यापासून करत होती. पर्स टाकून ती सरळ माझ्याकडे यायला लागली, दोन्ही हात पुढे करून, लहानपणी यायची तशी. आणि माझे हात आपोआप डोक्याच्या वर गेले आणि मी ओरडलो, ‘‘मोला झन छू!’’

तिनं ते शब्द कधी ऐकलेले नाहीत. मी ते घरात येऊ दिले नव्हते. ती थबकली. काय म्हणालात बाबा, असं तिनं विचारलं. सांगायला तोंड उघडलं, पण डोळ्याला धार लागली होती आणि वरून ठसका लागला. हात वर धरून मी नुसता बसून राहिलो.

ती तिथंच उभी होती, हातभर अंतरावर. तिथून काय दिसतं, ते मला माहीत आहे, दाई.